कच्ची हजेरी

माझ्या पाठीमागे मला तक्तेबाई म्हणतात, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. नाव काही वाईट नाही. एका सहकाऱ्याला 'घोरपडे' म्हणायचे, आणि त्याचं आडनाव तसं नव्हतं, तो मीटिंगमध्ये घोरायचा. त्या मानाने मी सुखात आहे. शिवाय खोटं काय आहे त्यात? आयुष्यभर मी एकाच प्रश्नाचे तक्ते केले: कॉलेजच्या दारापर्यंत कोण पोचतं, आत गेल्यावर कोण रमतं आणि कोण निघून जातं.

एकतिसाव्या वर्षी मी एका जुन्या कॉलेजची पंचवीस वर्षांची हजेरीची रजिस्टरं पालथी घातली. धुळीने नाक गळायचं, पण हौस दांडगी होती. त्यातून मी विद्यार्थ्यांचे पाच गट पाडले. रमलेले, रुळलेले, रेंगाळलेले, रखडलेले. चार 'र' जमले म्हणून मी स्वतःवरच खूश होते. पाचव्याला काही केल्या 'र' सापडेना, म्हणून त्याचं नाव ठेवलं निरुत्सुक. प्रवेश घेतला, पण वर्गात एक दिवसही पाऊल टाकलं नाही, अशी ही मंडळी. माझं म्हणणं साधं होतं: यांना मुळातच शिकायचं नव्हतं, घरच्यांनी किंवा मैत्रिणींनी ढकललं म्हणून फॉर्म भरला, यांच्यामागे धावण्यात कॉलेजने वेळ घालवू नये. गंमत म्हणजे रमलेल्यांवर मी दोनशे पानं लिहिली ती कुणी वाचली नाहीत, आणि निरुत्सुकांवरच्या नऊ पानांनी मला नाव मिळवून दिलं.

या पाचव्या गटात माझी सख्खी थोरली बहीण होती.

ते कॉलेज आमच्याच गावातलं. रजिस्टरं बघताना प्रवेशाच्या यादीत ताईचं नाव दिसलं, हजेरीत कुठेच दिसलं नाही. मला आश्चर्यही वाटलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं की ताईने विज्ञान शाखेला प्रवेश घेतला होता आणि पुढे काही झालं नाही. विचारलं की ती म्हणायची, "मला नाही आवडलं कॉलेज." मग तिने शिलाईचं मशीन घेतलं, आणि त्या मशीनवर माझं सगळं शिक्षण झालं. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती बहीण कमी आणि आई जास्त होती. मी व्याख्यानांत हे हमखास सांगायचे. "निरुत्सुक कसे असतात हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, एक नमुना घरातच होता, आणि तिच्याच जिवावर मी इथे उभी आहे." लोक हसायचे, मग टाळ्या वाजवायचे. एकदा ताई स्वतः पहिल्या रांगेत होती. तीही हसली होती.

यंदा माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. जाता जाता एक मोठं काम अंगावर आलं. सगळ्या कॉलेजांसाठी प्रवेशाचे नवे नियम करायला एक समिती नेमली होती आणि तिचा अहवाल लिहायचा होता मला. मुख्य नियम माझ्याच नऊ पानांवर बेतलेला होता: पहिल्या पंधरवड्यात जो विद्यार्थी वर्गात दिसणार नाही, त्याचा प्रवेश आपोआप रद्द. त्याला शोधायला जायचं नाही, पत्र पाठवायचं नाही, जागा पुढच्याला द्यायची. अध्यक्ष फारच खूश होते. शुक्रवारी माझी सही झाली की पुढच्या वर्षीपासून हजारो मुलांना तो लागू होणार होता.

सोमवारी मी त्या जुन्या कॉलेजात गेले ती निव्वळ मिरवायला. अहवालाच्या मुखपृष्ठावर प्रवेशाच्या एखाद्या जुन्या नोटिशीचा फोटो हवा, असं माझ्या डोक्यात आलं होतं. हस्ताक्षरातली नोटीस असेल तर छान दिसेल.

रेकॉर्डची खोली होती तशीच होती. तीच लोखंडी कपाटं, तीच वर चढायची डुगडुगती शिडी, खिडकीच्या वरच्या काचेतून तेच तिरपं ऊन. एकतिसाव्या वर्षी मी त्या खिडकीखाली जमिनीवर फतकल मारून बसायचे आणि दुपार कधी सरायची ते कळायचं नाही. खोलीचा वास आला आणि मला एकदम त्या दिवसांची इतकी आठवण आली की क्षणभर भिंतीला हात लावून उभी राहिले. तेव्हा मला सगळं कळायचं. आता फारसं काही कळत नाही, पण गुडघे दुखतात.

हेडक्लार्कही तेच होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी आठवड्यातून तीन सकाळी येतात, कारण कुठला कागद कुठे आहे ते त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नाही आणि त्यांनी ते कुणाला कळूही दिलेलं नाही. मला बघून म्हणाले, "या मॅडम. अजून संपलं नाही का तुमचं?" मी म्हटलं, आता संपतंच आहे. जुन्या नोटिशी मागितल्या, तर त्यांनी नोटिशींच्या कच्च्या मसुद्यांच्या तीन फायली काढून दिल्या. साहेबाला दाखवायला आधी कच्चा मसुदा, मग टाइप, अशी पद्धत होती. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि सगळं त्यांचंच.

एक मसुदा मला पसंत पडला. "खालील विद्यार्थी वर्गात हजर न झाल्याने त्यांचे प्रवेश रद्द करण्यात येत आहेत." खाली नावं. फोटो नीट यावा म्हणून मी कागद सपाट करायला घेतला आणि पाठीमागे शाई दिसली म्हणून उलटला.

मागे हजेरी होती. हाताने आखलेल्या रेघा, डावीकडे नावं, वर तारखा, पुढे हजर दिवसांच्या टिकल्या. कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्याची हजेरी. असा कागद मी त्या खोलीत कधीच पाहिला नव्हता, आणि त्या खोलीतला एकूण एक कागद आपण पाहिला आहे अशी माझी समजूत होती.

मी हेडक्लार्कना विचारलं, हे काय आहे. ते सहज म्हणाले की ती कच्ची हजेरी. पहिला महिना मुलं येतात-जातात, विषय बदलतात, तुकडी बदलतात. पक्क्या रजिस्टरात खाडाखोड नको म्हणून महिनाभर सुट्या कागदावर हजेरी घ्यायची. महिना संपला की शेवटच्या आठवड्यात ज्यांच्या नावापुढे टिकल्या असतील, तेवढी नावं पक्क्या रजिस्टरात उतरवायची. सुटे कागद मग रद्दी. पण त्यांची एक बाजू कोरी असते, ती फुकट का घालवा, म्हणून त्यावर ते मसुदे लिहायचे.

मी म्हटलं, "मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, सगळी हजेरी इथे आहे ना."

"रजिस्टरं विचारलीत तुम्ही. ती सगळी दिली," ते म्हणाले. "सुटे कागद कोण विचारतं?"

"आणि पहिले पंधरा दिवस येऊन कुणी नंतर दहा-बारा दिवस आलाच नाही तर?"

"तर नाव गळायचं. पण परत आला की ऑफिसच्या खिडकीशी येऊन सांगायचं, मी एका ओळीत नाव चढवायचो. त्यात काय आहे?"

"हे मुलांना सांगितलेलं असायचं कुठे?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतं."

माझ्या नाकावर राग असतोच, पण त्या वेळी तो नाकावरून उतरून सगळीकडे पसरला. मी त्यांना बरंच बोलले. ते मला खुर्ची पुढे करून म्हणाले की मॅडम, बसा, तुमचा चेहरा बरा दिसत नाही. तेव्हा लक्षात आलं की ज्याच्यावर ओरडायला हवं तो माणूस हा नव्हेच. त्याने आपल्या कामाची पद्धत केली होती. ती विचारणं हे माझं काम होतं, आणि पंचवीस वर्षांच्या हजेरीतला दर वर्षीचा पहिला महिना कुठे गेला, हे एकतिसाव्या वर्षी मला सुचलंच नाही.

तीनही फायली मी टेबलावर उलट्या घातल्या. तीन वर्षांचे कच्चे कागद जवळजवळ पूर्ण जुळले. त्या तीन वर्षांत माझ्या पाचव्या गटात एकसष्ट जण होते. वर्गात एक दिवसही पाऊल न टाकलेले. त्यातल्या शेहेचाळीस जणांच्या नावापुढे टिकल्या होत्या. कुणाच्या चार, कुणाच्या नऊ, एकाच्या तेरा.

ताईच्या नावापुढे एकोणीस होत्या.

एकही खाडा नाही. पहिल्या दिवसापासून एकोणीस दिवस सलग, आणि मग कोरं. आमच्या आडनावासकट तिचं नाव हेडक्लार्कच्या सुंदर अक्षरात, आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूला, तितक्याच सुंदर अक्षरात, हजर न झालेल्यांत तेच नाव.

टिकल्या थांबल्या ती तारीख मी बघत बसले. वर्ष मला माहीत होतं, मी आठ वर्षांची होते. महिना माहीत होता. आणि मग त्या दिवसांत काय झालं होतं ते आठवलं, कारण ते मी कधी विसरलेच नव्हते. त्या दिवसांत मला गोवर झाला होता.

माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस कुठले विचाराल तर मी ते सांगेन. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिला रजा मिळाली नाही. खिडकीला चादर बांधून खोलीत अंधार केला होता, अंगभर खाज होती, आणि दिवसभर ताई माझी एकटीची होती. एरवी ती सकाळीच कुठेतरी जायची, शेजारच्या काकू माझी वेणी घालायच्या आणि ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची. ताई शिवणाच्या क्लासला जाते, असं मी धरून चालले होते. आठव्या वर्षी मोठ्यांच्या जाण्यायेण्याची चौकशी कोण करतं? त्या गोवराच्या दिवसांत मात्र ती उशाशी बसून होती. गोष्टीचं पुस्तक घरात नव्हतं, म्हणून एक जाडजूड पुस्तक घेऊन ती मला त्यातलंच वाचून दाखवायची. बेडकाच्या हृदयाला तीन खोल्या असतात. आपल्या हृदयाला चार. आणि आपल्या घराला दोन, म्हणजे आपण बेडकाच्या हृदयापेक्षाही लहान जागेत राहतो, असं ती म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला खोकला आला. अभ्यासाची गोडी मला तिथे लागली. हे मी व्याख्यानांत सांगायचे. पुस्तक कुठून आलं, हे मला पन्नास वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही.

शुक्रवारी मी समितीला सांगितलं की मी सही करणार नाही. पाचवा गट म्हणून काही नाही. तो मी आणि एका हेडक्लार्कने मिळून, एकमेकांना न विचारता, तयार केला होता. अध्यक्षांना आधी ती थट्टा वाटली. मग ते म्हणाले की तुमचं अख्खं नाव याच्यावर उभं आहे, निवृत्तीच्या तोंडावर हे कशाला उकरता, तीन वर्षांच्या चार कागदांनी काय सिद्ध होतं. मी हटले नाही. तेव्हा त्यांनी मला अडवलं ते नेमकं.

"ठीक आहे, ते आले होते," ते म्हणाले. "मग गेले का? ते कळल्याशिवाय नियम मी कशाच्या आधारावर थांबवू?"

माझ्या सगळ्या तक्त्यांत ते 'का' कुठेच नव्हतं, कारण ज्यांना शिकायचंच नव्हतं त्यांना काय विचारायचं? अध्यक्षांनी महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात त्या माणसांना शोधून कारणं आणायची, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या सहीने नियम लागू होईल. शेहेचाळीस जणांची यादी माझ्या पर्समध्ये होती. त्यातला एक पत्ता शोधावा लागणार नव्हता, आणि तिथेच जायची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

शनिवारी दुपारी ताईकडे गेले. ती अजून मशीनवर बसते. सदुसष्ट वर्षांची आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण बालवाडीच्या मुलांचे एप्रन शिवून देते, सरळ शिलाई असते म्हणून. मी तिच्यासमोर बसले, कागदाची प्रत काढली आणि तिच्या हातात दिली. तिने चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे कुठे मिळालं गं तुला?"

"कॉलेजात. ताई, तू कॉलेजला गेली होतीस. एकोणीस दिवस."

तिने कागदावरून बोट फिरवलं. "वीस," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी पोचेपर्यंत हजेरी होऊन गेली होती. मागे बसले होते."

मग तिने मशीनवरचा एप्रन घडी करून बाजूला ठेवला, आणि मी जे पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. तिने सांगितलंही अगदी सरळ, वाट बघत असल्यासारखं. मला गोवर झाला, ती घरी राहिली. मी शाळेत जायला लागले त्या दिवशी तीही कॉलेजला गेली. वर्गात नवंकोरं रजिस्टर आलं होतं. सरांनी सगळ्यांची नावं घेतली, तिचं घेतलं नाही. तिने उभं राहून सांगितलं, तर सर म्हणाले की यादीत नाव नाही, वर्गात बसता येणार नाही. ती बाहेर आली. फळ्यावर नोटीस लागली होती, त्यात प्रवेश रद्द झालेल्यांची नावं होती, त्यात तिचं होतं.

"मग ऑफिसात नाही गेलीस?"

"काय म्हणून जाऊ? मला वाटलं, त्यांना कळलं."

"काय कळलं?"

"की मला जमणारं नाही ते. बाकीच्या मुली पटापट लिहून घ्यायच्या, मी मागे पडायची. वीस दिवसांत त्यांनी ओळखलं असेल असं वाटलं." तिने कागद मांडीवर ठेवला. "आईला सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं, आवडलं नाही."

मी म्हटलं की मला गोवर झाला नसता तर. तिने माझं बोलणं मध्येच तोडलं, लहानपणी तोडायची तसंच. गोवर काय, पंधरा दिवसांत जातो, ती म्हणाली, त्याचं कसलं ओझं घेतेस. मग मी व्याख्यानांचं बोलले. मी भर सभेत तुला निरुत्सुक म्हणायचे आणि तू हसायचीस. तुला राग नाही आला कधी?

ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. "अगं, मला वाटायचं तुला खरं ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू तर सगळी रजिस्टरं बघितलेलीस. मला वाटायचं, बहिणीला काढून टाकलं होतं हे लोकांना कळू नये म्हणून तू सांभाळून घेतेस. म्हणून हसायची."

मी रडले. प्रश्नावली आणि यादी लावलेलं पॅड मांडीवर होतं, तरी संशोधकासारखी नव्हे, आठ वर्षांच्या मुलीसारखी रडले. तिने उठून पाणी दिलं. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं: कच्ची हजेरी, पक्की हजेरी, शेवटचा आठवडा, नाव कसं गळायचं. तिला कुणी काढलेलं नव्हतं. कुणी तिचं लिहिणं बघितलं नव्हतं, कुणी काही ओळखलं नव्हतं. खिडकीशी जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी एका ओळीत नाव चढवलं असतं.

ताईचा हात मशीनच्या चाकावर होता.

"खिडकीशी जाऊन सांगायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच."

तिने मान हलवली. मला वाटलं ती आता चिडेल, किंवा रडेल. दोन्हींचा तिला हक्क होता. तिने माझ्या मांडीवरचं पॅड ओढून घेतलं आणि यादी वाचायला लागली, बोट ठेवून, एकेक नाव. शेहेचाळीसही वाचून झाल्यावर तिने विचारलं की या सगळ्यांकडे जाणार का मी. मी हो म्हटलं. काय विचारणार, तिने विचारलं. मी प्रश्न वाचून दाखवायला लागले, तर तिने दुसऱ्याच प्रश्नाला थांबवलं.

"हे नंतर विचार," ती म्हणाली. "यातल्या कुणाकुणाला अजून वाटत असेल, आपल्याला काढलं होतं म्हणून. त्यांना आधी सांग."